तिसऱ्या रिळातला चेहरा

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, जुने सिनेमे पुसून काढते. कराडला माझी काकू अजून नातेवाइकांत सांगते, "आमची पोरगी सिंगापुरात सिनेमात आहे," आणि मग लग्नाकार्यात लोक माझ्याकडे जरा संशयाने बघतात. खरं म्हणजे मी कॉम्प्युटर इंजिनियर. अलेक्झांड्राजवळच्या एका बिझनेस पार्कमध्ये आमचं ऑफिस आहे. जगभरच्या संग्रहालयांतून जुन्या फिल्म स्कॅन होऊन तिथे येतात आणि आम्ही आठ-दहा जण पडद्यापुढे बसून एकेक चित्र साफ करतो. धूळ काढायची, ओरखडे बुजवायचे, फाटलेलं सांधायचं. मूकपट असला तर एका सेकंदात सोळा-अठरा चित्रं, आणि प्रत्येकावर कुठे ना कुठे घाण. ही घरी भांड्यावर डाग ठेवत नाही आणि ऑफिसात चित्रावर, असं नवरा म्हणतो. हे कौतुक की टोमणा, ते मी विचारलेलं नाही.

गेल्या वर्षी अमेरिकेतल्या एका छोट्या संग्रहालयाकडून तीन रिळं आली. तिन्ही मूकपटांची, आणि तिन्हींत एकच नटी. कृष्णवर्णीय बाई. रिळांवर तिचं नाव कुठेच नव्हतं, बाकीच्यांची होती. ते मला पहिल्याच दिवशी खटकलं. मी तिला मनातल्या मनात "बाई" म्हणायला लागले, शाळेत आमच्या बाईंना म्हणायचे तसं, आणि एकदा बाई म्हटल्यावर अहो-जाहो आलंच.

संग्रहालयातली जी बाई मला मेल लिहायची, तिने थोडीफार माहिती जमवली होती. ती बाईंच्या भाचीकडच्या पत्रांतून मिळालेली होती. बाई लहानपणी फिरत्या नाटक कंपनीत गायच्या, नाचायच्या. तिथून सिनेमात आल्या. मोठ्या कंपन्यांत त्यांना एकच काम मिळायचं, मोलकरणीचं. दार उघडायचं, कोट घ्यायचा, निघून जायचं. पण त्या काळात कृष्णवर्णीय लोकांच्या स्वतःच्याही छोट्या कंपन्या होत्या, आपल्या लोकांसाठी, आपल्या थिएटरांत दाखवायला सिनेमे काढणाऱ्या. तिथे बाईंना खरी कामं मिळाली. आई, बहीण, डॉक्टरची बायको, आणि शेवटी शेवटी नायिका. मग बोलपट आले, छोट्या कंपन्यांना तो खर्च झेपेना, त्या बंद पडल्या. सिनेमांच्या प्रती झिजल्या, हरवल्या, कुणीतरी टाकून दिल्या. बाई गावी गेल्या आणि चर्चमध्ये पोरांची नाटकं बसवत राहिल्या. एवढ्या मोठ्या कामातून उरली ती ही तीन रिळं, आणि ती माझ्या टेबलावर.

पहिलं रीळ मोठ्या कंपनीचं, विनोदी. श्रीमंत घर, पाहुणे, पळापळ, कुणाच्या तरी तोंडावर केक. त्यात बाई मोलकरीण. सगळं मिळून दोन मिनिटं दिसतात, आणि त्यांच्या तोंडाला काळं फासलेलं आहे. मुळात सावळ्या बाईला आणखी काळं करून, ओठांभोवती पांढरी रेघ ओढून उभं केलंय, लोकांनी हसावं म्हणून. मी तशी तापट. ते बघून इतकी भडकले की उठून खाली गेले, चहा घेतला आणि मगच परत आले.

पण काम तर करायचं होतं. एकेक चित्र साफ करताना मला दिसलं की सगळे उड्या मारत असताना बाई शांतपणे चांदीचा ट्रे टेबलावर ठेवतात, आणि ट्रेच्या कडेला आपल्या अंगठ्याचा ठसा उमटलाय तो पदरासारख्या त्या ॲप्रनच्या टोकाने पुसतात. एवढंच. पाऊण सेकंद. कुणी दिग्दर्शकाने सांगितलं नसणार, कारण कॅमेरा त्यांच्याकडे नव्हताच, तो केकवाल्याकडे होता. पण त्या घरात रोज काम करणारी बाई ठसा पुसेल, म्हणून त्यांनी पुसला. मी ती बारा-तेरा चित्रं किती वेळा मागेपुढे केली असतील, कोण जाणे. त्या पाऊण सेकंदावर माझा जीव जडला.

दुसरं रीळ छोट्या कंपनीचं. त्यात बाईंना नायिकेच्या थोरल्या बहिणीचं काम. इथे उलटं. इथे तोंडाला पांढरी पावडर, थापून थापून, कारण पडद्यावर उजळ दिसलं पाहिजे असं त्यांच्या स्वतःच्या लोकांनाही वाटत होतं. पावडर कॉलरपर्यंत. कॉलरच्या आत मूळ मान. आणि बाई संपूर्ण रिळात मान वळवत नाहीत. कुणी हाक मारली तर सगळ्या अंगाने वळतात, हळू, एखाद्या राणीसारख्या. मला आधी वाटलं, काय डौल आहे. दोन दिवसांनी लक्षात आलं, मान वळवली असती तर पावडरची कड दिसली असती. त्या अडचणीचा त्यांनी डौल केला होता. मला त्यांना उठून नमस्कार करावासा वाटला. शेजारच्या टेबलावरच्या फिलिपिनो मुलाला मी हे सगळं हातवारे करून सांगितलं. तो म्हणाला, "ओके, सिस."

तिसरं रीळ मात्र वेगळं होतं. ही थिएटरात चाललेली प्रत नव्हती. सिनेमा पूर्ण हरवलेला, त्याच्या शूटिंगची कच्ची फिल्म तेवढी कंपनीच्या कुणा माणसाच्या घरी राहून गेली होती. यात बाई नायिका आहेत. कपडे शिवणारी बाई, खिडकीशी मशीनवर बसलेली. पत्र येतं. त्या वाचतात. पत्रात काय आहे ते आपल्याला कळत नाही, मजकूर दाखवणारी पाटी या कच्च्या फिल्ममध्ये नाहीच. त्या पत्र घडी घालून मशीनच्या खणात ठेवतात आणि पुन्हा शिवायला लागतात. आठ-दहा टाके घातल्यावर हात थांबतो. झालं, एवढाच प्रसंग. रडणं नाही, छाती पिटणं नाही. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा डबा उघडायचा राहून गेला आणि माझी पोळी कडक झाली.

आणि या रिळात त्यांचा चेहरा अंधारात होता.

निदान मला तसं वाटलं. खिडकीतून येणारा उजेड पांढऱ्या कापडावर पडून झळाळतोय आणि चेहरा काळवंडलेला. आमचं सॉफ्टवेअरही तेच म्हणत होतं, चेहऱ्याच्या जागी "उजेड कमी" अशी खूण दाखवत होतं. मला वाईट वाटलं. आयुष्यात एकदा नायिका झाल्या आणि तोंडच दिसत नाही. म्हणून मी त्यांचा चेहरा उजळला. एका दुपारी, जेवण झाल्यावर, नीट कडा आखून, गाल, कपाळ, हनुवटी. हळूहळू, कुणाला कळणार नाही इतकंच. नमुना बघायला पाठवायचा होता, तो या चेहऱ्याने गेला.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी पुढे काय केलं ते कळायचं नाही. लग्नासाठी माझा फोटो काढला तेव्हा आमच्या गावच्या स्टुडिओवाल्याने नुकताच कॉम्प्युटर घेतला होता. बाबा त्याला म्हणाले, "जरा उजळ करा, पण पोरगी माझीच दिसली पाहिजे." बाबांनी चांगल्या मनानेच सांगितलं. माझा रंग त्यांचाच. स्टुडिओवाल्याने चेहरा असा काही उजळला की मीच मला ओळखेना. पण मांडीवर घेतलेले हात तो विसरला. चेहरा एकीचा आणि हात दुसरीचे. पहिलंच स्थळ बघायला आलं, मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर गेले. मुलाच्या आईने फोटो पर्समधून काढला, माझ्याकडे पाहिलं, बशी धरलेल्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाली, "हात मात्र फोटोत खरे आलेत." बाबा खाली बघत बसले. त्या बाईपेक्षा मला बाबांचं ते खाली बघणं जास्त लागलं. पुढे नवरा ऑफिसातच भेटला, फोटोची गरजच पडली नाही. पण ते वाक्य काही गेलं नाही.

तर सांगायचं ते हे, की बाईंचा चेहरा उजळून झाल्यावर मी त्यांचे हातही उजळले. मशीनचं चाक फिरवणारे, टाका घालणारे, घडी घालणारे, सगळे. शेकडो चित्रं. सगळं मिळून माझे चार दिवस गेले. स्टुडिओवाल्यासारखी मी विसरले नाही, याचा मला अभिमान वाटत होता. देवाशपथ, अभिमान वाटत होता.

नमुना पसंत पडला. संग्रहालयातल्या बाईने लिहिलं, किती स्पष्ट दिसतायत. आमचा लीड, इथलाच चिनी माणूस, साठीकडे आलेला, कुणाचं कौतुक करायची सवय नसलेला, तोही येऊन "नॉट बॅड" म्हणाला. शुक्रवारी अंतिम प्रत पाठवायची होती. ती गेली की मूळ फिल्म संग्रहालयाच्या थंड कपाटात बंद होणार. ती इतकी ठिसूळ झाली होती की पुन्हा स्कॅनरवर चढवायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणजे यापुढे कुणीही बाईंना बघेल ते मी पाठवीन त्या चेहऱ्याने.

मंगळवारी मी एक आगाऊपणा केला. ऑफिसातल्या पडद्याचा फोटो काढायला मनाई आहे, पण मी मोबाइलवर दोन काढले. एक आधीचा, एक नंतरचा. घरी जेवताना मुलीला दाखवले. मुलगी चौदा संपून पंधराव्याच्या उंबरठ्यावर, रंगाने माझ्यावर गेलेली, बोलण्यात कुणावर गेली ते कळत नाही. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि शेवटी इथल्या लोकांसारखं "लाह" लावते. तिला म्हटलं, बघ, तुझ्या आईने केलेली जादू.

तिने दोन्ही फोटो पाहिले. बोटांनी मोठे केले. मग म्हणाली, "आई, यू पुट फिल्टर ऑन हर, लाह."

मी म्हटलं, फिल्टर नाही, दुरुस्ती. शंभर वर्षांपूर्वीची फिल्म आहे, अंधार आलेला, तो काढला.

"अंधार कुठेय?" हे मात्र ती मराठीत म्हणाली. "खिडकी आहे ना. शी इज जस्ट डार्क. लाइक मी."

"गप्प जेव," मी म्हटलं. माझा आवाज चढला. नवऱ्याने आमटीचं पातेलं माझ्याकडे सरकवलं, म्हणजे विषय बदल. मी आमटी वाढली. कालची पोर मला माझं काम शिकवणार, असं डोक्यात घणघणत होतं. पण राग जास्त आला की माझा मलाच संशय येतो, ही माझी जुनी खोड.

बुधवारी सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेले आणि तिसऱ्या रिळाचं मूळ स्कॅन पहिल्यापासून लावलं. अगदी पहिल्यापासून म्हणजे मी कापून टाकलेल्या भागापासून. कच्च्या फिल्मला सुरुवातीला बराच कचरा असतो. कॅमेरा चालू झालाय पण प्रसंग सुरू झालेला नाही, कुणी खुर्ची सरकवतंय, कुणी चालत जातंय, असलं काही. आमचा नियम असा की ते बाजूला काढायचं. मी पहिल्याच दिवशी काढलं होतं, न बघता. ओरखडे इतके होते की बघवत नव्हतं.

आता बघितलं. बाई मशीनपाशी बसल्यात, पाठ सरळ, हात मांडीवर. डावीकडून एक हात येतो. फक्त हातच दिसतो, शर्टाची बाही आणि बोटांत पावडरचा पफ. तो बाईंच्या गालाकडे जातो. बाई त्याच्याकडे बघतही नाहीत. आपला हात उचलतात आणि गालाच्या अलीकडे आडवा धरतात. पफवाला हात थांबतो. पुन्हा थोडा पुढे येतो. बाईंचा हात तसाच. घाई नाही, झटापट नाही, तोंडावर रागाची रेषा नाही. मग पफवाला हात मागे जातो आणि चौकटीबाहेर निघून जातो. बाई हात खाली घेतात, मशीनचं चाक धरतात, आणि प्रसंग सुरू होतो.

मी मोजली. अठ्ठेचाळीस चित्रं होती. तीन सेकंद.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. पहिल्या रिळात त्यांना काळं फासलं, दुसऱ्या रिळात पांढरं थापलं, आणि या एका रिळात, जिथे त्या नायिका होत्या, जिथे त्यांचं कुणी ऐकलं असतं, तिथे त्यांनी हात आडवा धरला होता. अंधार नव्हताच. तो त्यांचा रंग होता, त्यांनी स्वतः मागून घेतलेला. आणि शंभर वर्षांनी मी मागच्या दाराने जाऊन त्यांच्या तोंडाला पावडर लावून आले होते. हातांनासुद्धा. ज्या हाताने त्यांनी नाही म्हटलं त्यालासुद्धा. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. उगाच डोळे भरून आले वगैरे नाही, चांगली हुंदके देऊन रडले.

लीड आल्यावर त्याला सांगितलं. त्याने ते तीन सेकंद पाहिले, पुन्हा पाहिले, आणि कपाळ चोळत म्हणाला, "क्लायंट हॅपी, आय हॅपी. व्हाय यू मस्ट डिग?" त्याचंही चूक नव्हतं. पसंत झालेलं काम आता उकरायचं म्हणजे आपण होऊन कबूल करायचं, की आम्ही तुमच्या नटीचा रंग बदलला आणि तुम्हाला न सांगता बदलला. अशी बातमी संग्रहालयासंग्रहालयांत लगेच पोचते. मी म्हटलं, माझ्या नावाने लिहिते. तो म्हणाला, लिहायचं तर तूच लिही, आणि शुक्रवार हा शुक्रवारच.

मेल लिहायला मला दोन तास लागले. आधी मी सॉफ्टवेअरवर ढकललं. उजेड मोजताना चूक झाली, वगैरे. वाचून पाहिलं तर मला बाबा दिसले, खाली बघत बसलेले. सगळं पुसलं आणि सरळ लिहिलं. यांचा चेहरा आणि हात मी उजळले. कुणी सांगितलं नव्हतं. मला तसे जास्त चांगले दिसतील असं वाटलं. मी जिथून येते तिथे मुलींचे फोटो असेच करतात आणि माझाही केला होता. सोबत ती अठ्ठेचाळीस चित्रं जोडतेय, ती पाहा. मला दुरुस्त करू द्या.

उत्तर गुरुवारी सकाळी आलं. ती बाई काही गोड बोलली नाही. तिने लिहिलं, मला फसवल्यासारखं वाटलं, आणि हे तुम्ही आधीच सांगायला हवं होतं. मी ते वाचून मान डोलावली, एकटीनेच. खाली लिहिलं होतं, मूळ रंग परत आणा. आणि ते तीन सेकंद कापू नका, प्रसंगाच्या आधी आहेत तसे ठेवा. हे रीळ आता तिथून सुरू होईल.

उजळवायला चार दिवस लागले होते, ते काढायला दीड दिवस मिळाला. शेजारच्या फिलिपिनो मुलाने न विचारता अर्धी चित्रं आपल्याकडे घेतली. धूळ काढली, ओरखडे काढले. चेहऱ्याला हात लावला नाही. आणि गंमत बघा, मूळ छटा परत आल्यावर मला दिसलं की चेहरा अंधारात नव्हताच कधी. पत्र वाचताना त्यांच्या गालाखालचा एक स्नायू हलतो. मी उजळताना तो सपाट करून टाकला होता. आठ-दहा टाक्यांनंतर हात का थांबतो, ते त्या स्नायूवरून कळतं. मी चार दिवस त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांचा अभिनय पुसत होते. शुक्रवारी साडेपाचला प्रत गेली. लीड म्हणाला, "फॉर द नेक्स्ट वन, यू आस्क मी फर्स्ट." मला काढलं नाही, एवढं खरं.

काही महिन्यांनी संग्रहालयाने तिन्ही रिळं लोकांना दाखवली. आम्हाला लिंक पाठवली. आता सुरुवातीला मोठ्या अक्षरांत बाईंचं नाव होतं, एकटं. मी आणि मुलगी सोफ्यावर बसून पाहिलं. तिने मोबाइल उलटा ठेवला होता, यावरून काय ते समजा. पफवाला हात आला, बाईंचा हात आडवा झाला, आणि मुलगी एवढंच म्हणाली, "वा." मराठीत. मी अंगठ्याचा ठसा दाखवायला पहिलं रीळ पुन्हा लावलं तर म्हणाली, "दिसला मला आधीच."

मुलीला पंधरा वर्षं पूर्ण झाली. इथे त्या वयात आयसी, म्हणजे सरकारी ओळखपत्र, काढावं लागतं, त्यासाठी फोटो हवा. आम्ही राहतो त्या क्वीन्सटाउनलाच आमच्या ब्लॉकपासून पाच मिनिटांवर फोटोचं दुकान आहे, तिथे गेलो. दुकानातली मुलगी भराभर काम करणारी. खटकन फोटो काढला, कॉम्प्युटरवर घेतला, माउस माझ्या पोरीच्या गालापाशी नेला आणि माझ्याकडे बघून हसून म्हणाली, "आंटी, आय मेक हर अ बिट ब्राइटर, कॅन?"

खोटं कशाला सांगू. एवढं सगळं होऊनही माझ्या तोंडात "थोडंसंच" हा शब्द आला होता. ओठांपर्यंत आला होता.

पोरीने मोबाइलमधून मान वर काढली नाही. फक्त हात उचलला आणि पडद्यावरच्या आपल्या चेहऱ्यासमोर आडवा धरला. दुकानातल्या मुलीने माउस मागे घेतला. मी पर्समधून पाकीट काढलं आणि म्हटलं, आहे तसाच द्या.